महापरसादाचा हुंकार

माझ्या बापाएवढा हट्टी माणूस शिवनाथ नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. सापडलाच तर तो बिसाहू कका. या दोघांची लहानपणापासूनची मैत्री आणि या दोघांचाच अबोला. मधल्या मधे चेंगरायला मी, सुकवारो.

माझ्या बापाला, म्हणजे ददाला, सगळा मुलूख ओळखतो तो बांसगीतामुळे. आम्ही राऊत, गुरं राखणारे. बारसं असो, लग्न असो नाहीतर दहावं असो, बांस वाजल्याशिवाय आमच्यात पान हलत नाही. लांबलचक पोकळ बांबूत फुंकणारा एक, गाथा गाणारा एक आणि तिसरा रागी. रागीचं काम बघणाऱ्याला फुकटचं वाटतं. ओळ संपली की त्यानं 'हौ' म्हणायचं, कधी 'अरे राम', कधी 'मग काय झालं रे भाई?' एवढंच. पण त्याचा हुंकार आला नाही तर गाणारा पुढची ओळ उचलत नाही. भिंतीला कोण गोष्ट सांगत बसेल?

ददाचा रागी बिसाहू कका. नुसता रागी नाही, ददाचा महापरसाद. दोघं पोरं होते तेव्हा त्यांच्या बापांनी जगन्नाथपुरीहून आणलेला देवाचा वाळका भात एकमेकांच्या तोंडात घालायला लावून त्यांना मितान, म्हणजे जन्मभराचे शपथेचे मित्र, केलं. सख्ख्या भावाशी वाटणी होते, मितानाशी होत नाही. आणि एक नेम असतो. त्या दिवसापासून मितानाचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'महापरसाद' अशीच, चिता पेटेपर्यंत. नवऱ्याचं नाव मीही घेत नाही, पण ते चुकून निघालं तर बाया फार तर हसतील. मितानाचं निघालं तर कोणी हसत नाही.

ददाच्या तोंडून ते निघालं. माझ्या आईच्या दहाव्याला.

आई गेली तेव्हा लाकडं फोडण्यापासून पत्रावळी गोळा करण्यापर्यंत सगळं ककानं केलं. आम्ही रडत होतो आणि तो धावत होता. दहाव्याला ददानं धौंरी गाईची गाथा लावली. धौंरी जंगलात हरवते आणि गुराखी नदीकाठी तिची वाट बघत बसतो, ती गाथा. ददाच्या बापानं ददाला दिलेली, आता दुसऱ्या कोणालाच सगळी येत नाही. गुराखी काठावर बसला तिथं ओळ संपली आणि हुंकार आला नाही. कका बसल्या जागी झोपला होता. ददा तेव्हा दुःखानं वेडा झाला होता, मला मान्य आहे. पण भरल्या समाजात तो ओरडला, "ए बिसाहू!"

बांस थांबला. कका उठला, पागोटं नीट केलं, सगळ्यांना हात जोडले आणि घरी गेला. गाथा तिथंच राहिली. त्यानंतर ददानं ती कधी गायली नाही आणि ते दोघं कधी बोलले नाहीत.

गंमत अशी की नातं मात्र पाळत होते. गाय व्याली की पहिल्या चिकाचा वाटा मी ककाकडे न्यायचे. हरेलीच्या सणाला त्याच्याकडून चिला, आमचं तांदळाचं धिरडं, यायचा. वाटा जायचा, वाटा यायचा, शब्द तेवढा जात नव्हता. मला तर कधी कधी वाटायचं, दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत.

मग चैत्रात, मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा, रायपूरहून टिकेश्वरी आली. ती गावोगाव जाऊन जुन्या गाथा मशीनवर भरून ठेवायची. मुलगी चांगली होती. दारात आली ती चप्पल काढून, पाणी मागून प्याली, बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, वाढली तर कांद्याबरोबर चाटूनपुसून खाल्ली. ददाला म्हणाली, "बबा, धौंरी गाईची गाथा फक्त तुम्हालाच येते म्हणतात. मला सगळी हवी आहे."

"सगळी?" ददा हसला आणि खोकला. हल्ली हसला की खोकायचाच. राजनांदगावच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, छाती पोखरली आहे, थंडी निघाली तर निघाली. ददाला हे मी सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक होतंच. मागची दिवाळी सरल्यापासून तो झोपेत ओळी पुटपुटायचा आणि सकाळी विचारायचा, "सुको, मी कुठवर गेलो होतो गं?" गाथा आपल्याबरोबर जळेल, या एकाच गोष्टीला तो भ्यायचा.

गोठ्यात तयारी झाली. शेणानं सारवलेल्या भिंती आवाज छान धरतात, असं टिकेश्वरी म्हणाली. गाई बाहेर काढल्या, कोंबड्या टोपलीखाली झाकल्या. बांस फुंकायला आमचे हे होते. हे घरजावई, आमच्या बोलीत लमसेना. लग्नाआधी सासऱ्यानं यांच्याकडून फुकट गुरं राखून घेतली आणि वर बांसही शिकवला. ददा म्हणतो, "जावयाची फुंक चांगली, डोक्यात पण तीच भरली आहे." हे ऐकून हेच सगळ्यात मोठ्यानं हसतात.

रागीच्या जागी पहिल्यांदा किराणा दुकानवाला समेलाल बसला. तो चुकीच्या जागी 'हौ' म्हणायचा, गाय वाघासमोर उभी आणि हा म्हणतो 'वा वा!' ददा म्हणाला, "ऊठ, गाय मारशील माझी." मग टिकेश्वरी स्वतः बसली. तिला जागा कळायच्या, पण आवाज इतका हळू की ददा ओळ टाकून वाट बघायचा आणि तिचा हुंकार आला की दचकायचा. शेवटी ती म्हणाली, "बबा, रागीशिवाय गा ना. मी नुसत्या ओळी भरून घेते. नाहीतर उद्या..." आणि थांबली.

"उद्या काय, उद्या मी मरेन," ददा म्हणाला. "लाजू नको, खरं आहे ते." त्यानं डोळे मिटले, सुरुवात केली. एक ओळ गायला, थांबला. दुसरी गायला, थांबला. तिसरी आलीच नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "पुढचं येत नाही गं. कोणी विचारतच नाही, तर येणार कुठून?"

त्याचा तो चेहरा मला बघवेना. पदर खोचला आणि तडक ककाच्या घरी गेले.

कका ओट्यावर अंबाडीची दोरी वळत होता. मी समोर बसले. तो म्हणाला, "चिकाचा वाटा आणलास का? गाय तर व्यायली नाही तुमची."

"वाटा नाही. चला. ददा गाथा गातोय आणि रागी नाही."

"गावात माणसं मेली का सगळी?"

"समेलालला बसवला होता."

ककाच्या मिशीत हसू आलं, त्यानं ते गिळलं. "त्या समेलालला बकरी आणि गाय यातला फरक कळत नाही." मग पुष्कळ वेळ दोरीच वळत राहिला. मग विचारलं, "कामाला बोलावलंय का नात्याला?"

मी बापाची लेक. खोटं बोलता येत होतं, पण ककाशी नाही. म्हटलं, "त्यानं बोलावलेलंच नाही. मी आले आहे. कामाला समजा."

"मग येतो. नात्याला म्हणाली असतीस तर नसतो आलो."

कका गोठ्यात शिरला तेव्हा ददानं बघितलं आणि लगेच खाली बघितलं. दोघांत हातभर जागा ठेवून कका पोत्यावर बसला. रामराम झाला तो आमच्या यांच्याशी आणि टिकेश्वरीशी. ददा आपलं उपरणं उगाच झटकत राहिला. मला वाटलं, आता काही म्हणेल. एवढी गाथा तोंडपाठ असलेला माणूस, पण या एका जागेला त्याच्याकडे ओळ नव्हती.

टिकेश्वरीनं मशीन चालू केलं आणि तिच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली, "सुरुवातीला सगळ्यांची नावं सांगा बबा. तुमचं, बांसवाल्यांचं आणि रागींचं."

बिचारीच्या ध्यानात आलं नसेल.

"मी डेरहा राऊत," ददा म्हणाला. "बांस माझ्या जावयाचा, जेठू त्याचं नाव."

"आणि रागी?"

कका समोरच्या खुंट्याकडे बघत होता.

"त्याला नाव नाही," ददा म्हणाला. "माझ्याकडे तरी नाही."

टिकेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती पोर शहाणी, तिनं पुढे विचारलं नाही. ककाची नजर खुंट्यावरून हलली नाही. काम करायला आलेला माणूस तो, कामच करणार.

पण काम कसं केलं म्हणता! आमच्या यांनी बांस भरला, ददानं पहिली ओळ टाकली आणि कका म्हणाला, "हौ." बस. त्या एका 'हौ'नं ददाची पाठ सरळ झाली. पुढच्या ओळी अशा सुटल्या की जणू पाटाचं फळकुट कोणी उचललं. धौंरी हरवली, गुराखी रानोमाळ फिरला, त्यानं मोराला विचारलं, वारुळाला विचारलं. "मग रे भाई?" कका विचारायचा आणि ददा सांगायचा. खोकला कुठे गेला कोण जाणे. मी दारात बसून रडत होते आणि कोंबड्यांची टोपली पायानं दाबून धरली होती, कारण एक कोंबडी फारच वळवळ करत होती.

दुपार तापली. गाथा नदीकाठी आली. गुराखी काठावर बसला, धौंरीची वाट बघू लागला. ही जागा संथ आहे, ओळी लांबतात, बांसही हळू होतो. ददाची ओळ संपली.

हुंकार आला नाही.

ककाची मान छातीवर गेली होती. तोंड किंचित उघडं. म्हातारा माणूस, उन्हाची वेळ, पहाटेपासून दोरी वळलेली. तीच जागा, तीच गाथा. मी ददाकडे बघितलं. मला खरंच भीती वाटली. बांस यांच्या ओठावरच अडकला होता आणि टिकेश्वरीचा हात मशीनकडे निघाला होता.

ददानं तिला हातानंच थांबवलं. मग यांच्याकडे बोट करून खूण केली, फुंक.

हे फुंकू लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला. ददा पुन्हा खूण करायचा, फुंकत राहा. यांचे गाल बेडकासारखे फुगले, डोळे बाहेर आले, घाम नाकावरून टपकला, पण यांनी बांस सोडला नाही. माझ्या नवऱ्याला मी पुष्कळ बोलते, पण त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. ददा तेवढ्यात हातभर सरकला. ककाच्या तोंडावर माश्या बसत होत्या, त्या त्यानं उपरण्यानं हळूहळू हाकलल्या. जे उपरणं तो मघा उगाच झटकत होता, त्यानंच. बाहेर गाई आल्या, उन्हात उभ्या राहिल्या, परत गेल्या. ददा माश्या हाकलत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

मग कका जागा झाला. आधी बांस ऐकला. मग आपल्या तोंडासमोर हलणारं उपरणं बघितलं, मग ते धरणारा हात बघितला. आपण कुठं आणि काय झालं हे त्याला उमगलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो लाजला. आता उठून जाईल, मी मनात म्हटलं. यांनीही श्वास घ्यायला बांस खाली केला.

ककानं घसा खाकरला.

"हौ, महापरसाद," तो म्हणाला. "मग काय झालं? आली का गाय?"

ददानं त्याच उपरण्यानं आपले डोळे पुसले. मग म्हणाला, "येते आहे, महापरसाद. ऐक तर खरा." आणि पुढची ओळ उचलली.

गाथा दिवे लागायच्या आत पूर्ण झाली. दोघं म्हातारे एका ताटात बासी खायला बसले आणि तिवऱ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ कमी म्हणून दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या. हे कोपऱ्यात गाल चोळत होते. टिकेश्वरीला ककाचं नाव मी अंगणात नेऊन कानात सांगितलं.

जाण्याआधी तिनं कानाला लावून पुन्हा सगळं ऐकलं. मला बोलावलं. "दीदी, इथं मध्येच नुसता बांस वाजत राहतो, फार वेळ. गाणं नाहीच. एवढा तुकडा काढू का?"

"हात तर लावून बघ," मी म्हटलं.

तिनं नाही लावला. ददा पौषात गेला. धौंरीची गाथा रायपूरला आहे, कोणालाही ऐकता येते. नदीकाठच्या त्या जागी नीट कान द्या, बांसाच्या मागे एक म्हातारा घोरतो आहे आणि दुसरा त्याच्यावरच्या माश्या हाकलतो आहे, त्या उपरण्याची फडफडही येते.