सत्कारात अर्धा सुटलेला पट्टा

मी पट्टा. कमरेचा नाही, मानेचा. पांढरं कडक प्लास्टिक, आत स्पंज, बाजूला चर्र करून सुटणारी चिकटपट्टी. परभणीच्या दवाखान्यात पूर्णा गावच्या रंगनाथ डॉक्टरांच्या गळ्यात पडलो, तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. माणसं मला कळतच नाहीत.

डॉक्टर अठ्ठ्याहत्तरचे. पन्नास वर्षं त्यांनी गाव तपासलं. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवरून घसरले आणि मानेचा मणका तडकला. लोक धावले. "उठवून बसवा, पाणी पाजा!" सगळ्या मोठ्यांचं एकच. नात धम्मशीला सोबत होती. तिनं आजोबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओरडली, "हात लावायचा न्हाई कुणी!" दवाखान्याची गाडी येईपर्यंत पाऊण तास ती तशीच बसून होती. बसवलं असतं तर हातपाय गेले असते, असं परभणीच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बांधता बांधता सांगितलं. वर बजावलं, "तीन महिने. झोपेतसुद्धा काढायचा नाही."

घरी आलो. बघतो तर भेटायला येणारे सगळे धम्मशीलालाच बोलायलेत. नर्सिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलेली पोरगी ना! का सोडलं, हे एकानंही विचारलं नाही. चहा मात्र तिच्याच हातचा प्यायले. डॉक्टरही गप्प. मला वाटलं, माझ्यामुळं त्यांना बोलता येत नसेल. पण वरणात मीठ कमी पडलं की बरोबर बोलायचे.

सहाव्या आठवड्यात त्यांचा सत्कार ठरला, बरे झाल्याबद्दल. बरे अजून व्हायचे होते, पण हॉल मिळाला होता.

मंचावर निवृत्त हेडमास्तर पंडितराव कानाशी लागले. "डॉक्टरसाहेब, दहा मिनिटं पट्टा काढा. फेटा बसंना, हार बी अडकायलाय. पेपरात फोटो जाणार हाय."

लग्नाला जायचं म्हणून प्लास्टर कापून घेणाऱ्यांवर हाच माणूस पन्नास वर्षं खेकसला होता. मी निर्धास्त होतो. आणि यांचा हात चिकटपट्टीवर! चर्र. एक बाजू सुटली. मान माझ्यातून सरकली. मी काय करणार? मला हात नाहीत.

खुर्च्या ढकलत धम्मशीला मंचावर चढली. मागून डोकं धरलं, पुलावर धरलं होतं तसंच.

"आगं, कार्यक्रम चाललाय!" पंडितराव चिडले. "अर्धं शिकून पळालेली तू, डॉक्टरला शिकवतीस?"

"अर्ध्यात एवढं शिकवलं, काका. तुमी पुरं शिकून फेट्यापायी मान मोडायलात."

डॉक्टरांच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. म्हणजे नस दबतेय, हे तिथं त्यांच्याइतकं कुणाला कळणार? चेहरा पांढरा पडला. शेजारच्या खुर्चीतल्या बायकोला हळूच म्हणाले, "सुला, बांध पट्टा. पोरीला हात सोडू देऊ नको."

सुलाबाईंनी मला घट्ट बांधलं.

फोटो पेपरात आला. फेटा नाही, हार नाही, मी मात्र ठळक. खाली पंडितरावांसकट सात मोठ्यांची नावं. धम्मशीलाचे नुसते दोन हात, चेहरा कापलेला.

तीन महिन्यांनी मणका जुळला. आता मी डॉक्टरांच्या खोलीत खिळ्यावर असतो. शेजारी तो फोटो चिकटवलाय. खाली डॉक्टरांनी पेनानं काहीतरी खरडलंय. त्यांचं अक्षर फक्त मेडिकलवाल्याला लागतं. आज सकाळी धम्मशीलानं डोळे बारीक करून वाचलं, "हे हात माझ्या नातीचे."

मग डॉक्टरांनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस, माय?"

एवढं विचारायला मणका तडकावा लागतो? मला खरंच कळत नाही.

ती सांगायला लागलीय. डॉक्टर मोकळी मान हलवत ऐकतायत. दारात पंडितराव उभे आहेत. त्यांची मान धरलीय, मला मागायला आलेत.

जाईन की. पण पंडितराव, जरा थांबा. आधी पोरीचं सांगून होऊ द्या.