दोन तोंडांची वायर

ऑक्टोबर. शिरे नदीकाठचा धवलदाहक, धूलिधूसर, निर्वात ऑक्टोबर. ऊस निश्चल, नदी निश्चल, आणि त्या निश्चलतेत एकटा गुलमोहोर रक्तकुसुमांनी ओथंबून उभा. मलावीच्या दक्षिण टोकाची ही साखर कारखान्याची वसाहत दुपारच्या तीनला नुसती धापा टाकत होती.

आणि लाईट नव्हती. अहो, असते कधी! लाईट जायची, लाईट यायची. यायची तेव्हा पोरंबाळं, बायाबापड्या, सगळी वसाहत एका सुरात ओरडायची, ‘मागेत्सी!’ म्हणजे वीज. जायची तेव्हा मात्र कुणी चकार शब्द काढायचं नाही. कोल्हापूरहून आलेल्या रेवती चौगुलेला या मौनाचाच भारी राग यायचा, आणि मग सगळ्यांच्या वाटचं तीच बोलायची, तेही अस्सल कोल्हापुरी.

आज तर तिला लाईट हवीच होती. आज लेकीचं बारसं होतं.

सव्वा महिन्याची, नवनीतकोमल, अजून बिननावाची लेक. जरीच्या कुंचीत मिटलेली. पाळण्याला झेंडूच्या माळा, पाळण्याखाली घुगऱ्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या कोल्हापुरात, आख्ख्या समुद्रापलीकडे. तिकडे दिवेलागणीचा मुहूर्त, म्हणजे इकडे दुपारचे तीन. आत्या फोनवरून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करणार आणि नाव सांगणार. तोवर ते नाव आईलासुद्धा ठाऊक नाही. आणि फोनची बॅटरी चार टक्क्यांवर.

रेवतीचा नवरा यशोधन कारखान्यात अडकलेला. ऐन वेळी टर्बाइन बंद पडलं. आणि कालच्या वावटळीत कोपऱ्यावरच्या खांबापासून तिच्या बंगल्यापर्यंतची तारच तुटून पडलेली. ती जोडायला लाईनमन लिंबानी आला होता. दीर्घबाहू, मितभाषी, घामानं निथळणारा लिंबानी. त्याचा जोडीदार म्हातारा फिरी रस्त्याच्या टोकाला ट्रान्सफॉर्मरपाशी गेला, तिथला खटका पाडून त्यानं सगळ्या वसाहतीची वीज तोडली, आणि कुणी तो चालू करू नये म्हणून तिथंच राखण करत बसला.

खांबावर चढण्याआधी लिंबानीनं फाटकातूनच मोडक्या इंग्रजीत विचारलं, “मायी, तुमचा जनरेटर बंद आहे ना?” मायी म्हणजे बाई.

“बंद आहे रे बाबा, बंदच आहे. तू आधी तार जोड.”

“दहा मिनिटं, मायी.”

दहाची वीस झाली. वीसची तीस झाली. फोनवर आत्या कावलेली. “अगं वैनी, माणसं ताटकळलीत! मुहूर्त टळतोय!” तीन टक्के. बाळ कुरकुरायला लागलं. दोन टक्के. रेवतीच्या मस्तकात ऊन शिरलं.

मागच्या व्हरांड्यात जनरेटर होता, आणि यशोधननं स्वतःच्या अकलेनं बनवलेली वायर होती. दोन्ही टोकांना पिना असलेली, दोन तोंडांची. एक तोंड जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की सगळं घर झळाळतं. किती कौतुक होतं तिला त्या अकलेचं! मात्र त्यानं बजावून बजावून सांगितलं होतं: आधी मेन स्विच पाडायचा, मगच वायर लावायची. नाहीतर घरातली वीज घरात राहत नाही. ती उलट्या पावली बाहेर जाते, तारेतून, थेट खांबापर्यंत.

वीसदा तरी तिनं मेन पाडला होता. आज नाही पाडला. आज ती नुसती धावली. वायर लावली, दोरी ओढली.

घर झळाळलं! पंखा फिरला, दिवे उजळले, आणि दिवा लागताच हात जोडायची लहानपणची सवय, तिनं हात जोडले. फोन चार्जिंगला लावून तिनं बाळाच्या कानाशी धरला. पलीकडून आत्याचा दूरचा, दुधाळ, लाडिक आवाज आला, “कुर्रर्र…”

नेमकी तेव्हाच बाहेर एक आरोळी उठली.

आली वाटतं, रेवती मनात म्हणाली. आणि हसली. बाई गं, हसली ती! तिला वाटलं वसाहतीत लाईट आली, लिंबानीनं तार जोडली आणि आनंदानं ओरडला, ‘मागेत्सी!’ आत्या नाव सांगत होती, आणि आईचा कान खिडकीकडे होता. नाव निसटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की ओरडणारा एकटाच आहे. बाकीची वसाहत गप्प आहे.

तिनं खिडकीतून पाहिलं.

खांबाला लिंबानी लटकलेला. कमरेच्या पट्ट्यावर, उलटा, हात खाली, मान खाली. पांढरं ऊन, काळा खांब, आणि मधे तो निःशब्द, निश्चेष्ट देह. रेवती कशी पळाली, कसा जनरेटर बंद केला, कशी फाटकाबाहेर आली, तिचं तिला कळलं नाही.

माणसं धावली. शिडी लागली, पट्टा कापला गेला, लिंबानीला धुळीत आडवं केलं. त्याचे दोन्ही तळवे करपले होते. कुणी छाती दाबू लागलं. दमलं, तसं दुसरं दाबू लागलं. श्वास नाही. गुलमोहोराखाली शंभर माणसं आणि एकाही ओठावर शब्द नाही. अरे, ऊठ रे. ऊठ ना रे माझ्या राजा! रेवती मराठीत पुटपुटत होती. तिसऱ्या माणसाच्या हाताखाली लिंबानी खोकला. एकदा, पुन्हा एकदा. डोळे उघडले नाहीत, पण छाती हलली. त्याला गाडीत घालून दवाखान्याकडे नेलं.

ती मटकन खाली बसली. जगला. देवा, जगला!

आणि मग ते मौन फुटलं. म्हातारा फिरी ट्रान्सफॉर्मरकडून धापा टाकत आला होता. सगळे त्याच्यावर तुटून पडले. खटका कुणी चालू केला? तुझ्याशिवाय तिथं होतं कोण? झोपलास? प्यायलास? कुणी त्याची गचांडी धरली. “मी हात लावला नाही,” फिरी म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता थांबला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि म्हणाला, “नाही… पण लागला असेल का? डुलकी लागली असेल का मला?”

शब्द कळले नाहीत, पण डोक्यावरचे ते हात रेवतीला कळले. न केलेला गुन्हा तो म्हातारा स्वतःच्याच अंगावर ओढून घेत होता!

तिच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. बारशाची पैठणी नेसलेली, कारखान्याच्या साहेबाची परदेशी बायको. तिच्यावर कोण संशय घेणार? गप्प राहिली तर संपलं सगळं. बोलली तर पोलीस, यशोधनची नोकरी, आणि ही शंभर तापलेली माणसं. आत पाळण्यात सव्वा महिन्याचं पोर.

ती उठली. गर्दीत शिरली. एकाला ढकललं, दुसऱ्याला ढकललं, आणि फिरीच्या गळ्याला लागलेला हात तिनं ओढून काढला. त्यांच्या भाषेतले जेमतेम वीस शब्द तिला येत होते. पाणी, बटाटे, किती, उद्या. त्यातला एकच शब्द तिनं काढला, आणि छातीवर हात मारून सांगितला.

“न्दिने.”

मी. मी केलं.

गर्दी थिजली. शब्द समजला होता, अर्थ पटत नव्हता. तिनं बंगल्याकडे, जनरेटरकडे बोट दाखवून पुन्हा सांगितलं. न्दिने. फिरीकडे बघून सांगितलं. न्दिने.

वारा नव्हता, छाया नव्हती, कुठेच काही हलत नव्हतं. त्या पांढऱ्या, निष्ठुर, निःशब्द उन्हात फक्त म्हाताऱ्या फिरीचे दोन हात, डोक्यावर धरलेले ते हात, हळू, फार हळू, खाली आले.