डाव्या हाताचे दोन अंगठे

माह्या डाव्या हाताले दोन अंगठे आहेत, आणि मले त्याची काडीची लाज नाई. शाळेत पोट्टे सहाबोटी म्हणून चिडवत, तर मी त्याच हाताची एक ठेवून देत होती. पुढं शिकली ते बी हेच. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी अंड्यातल्या पिलाचा पंख कसा घडते, यावर पीएच.डी. करून राह्यली. घुग्घुस रोडवरच्या अयूबभाईकडून हप्त्याले दोन डझन गावरानी अंडे आणते. त्याले वाटते ही पोरगी लय खाते.

मार्चातल्या त्या चंद्रग्रहणाच्या दिवशी मी दुपारच्या बसनं सावलीजवळच्या आमच्या गावी आली. घरात पाय टाकला अन् डोकंच फिरलं. माह्या भावाची बायको, पुनम, सातव्या महिन्यात. ग्रहण संध्याकाळी, पण मायनं तिले सकाळपासूनच आतल्या खोलीत निजवलेलं. खायचं नाई, प्यायचं नाई, कूस सुद्धा बदलायची नाई. पोरीचे ओठ सुकून गेले होते.

आमचं घर बौद्धाचं. ग्रहण-बिरहण कोणी पाळत नाई, एक माय सोडून. आमची माय रुखमाबाई म्हणजे विहारात माइक हाती घेऊन अंधश्रद्धेवर बोलणारी बाई, पण ग्रहण आलं का गुपचूप कोपऱ्यात उपाशी बसे. आम्ही बहीण-भाऊ हसत होतो. काऊन बसते, हे मात्र कोणी विचारलं नाई.

मी माठातून गिलास भरला अन् पुनमकडं निघाली. माय दारात आडवी आली. मी बी तिचीच पोरगी, तोंडाले येईल ते बोलली. अडाणी म्हटलं, ढोंगी बी म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग माहा डावा हात धरला अन् दोन्ही अंगठे आपल्या मुठीत घेतले.

“हे माह्यानं झालं, दिव्यानी,” ती म्हणाली.

नव्व्याण्णवचा ऑगस्ट. धानाच्या रोवणीचे दिवस, मी तिच्या पोटात सहा महिन्याची. संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं. गल्लीतल्या बाया दारं लावून बसल्या, अन् ही नवी सून ओसरीवर भाजी चिरायची पावशी घेऊन बसली. आम्हाले काय ग्रहण लागते, असं मोठ्यानं म्हणत दाराच्या फटीतून पाहणाऱ्या सगळ्यायच्या देखत तिनं अख्खं कोहळं कापलं. नोव्हेंबरात मी झाली. सुईणीनं माहा हात वर केला अन् बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. कोणी भांडलं नाई. एक म्हातारी एवढंच बोलली का, तोरा आईचा अन् भोगलं लेकरानं. ते वाक्य मायनं सव्वीस वर्षं कोणाले सांगितलं नोतं.

माहा राग कुठच्या कुठी गेला. मी तिले तिथंच उंबरठ्यावर बसवलं.

सांगितलं का, हात आधी हात नसतेच. इवलासा कोंब असते, त्याले बोटं नाई का काही नाई. करंगळी जिकडं व्हायची, त्या कडेच्या पेशी एक रसायन सोडतात. ते पसरत जाते. शेकोटीसारखं समज. जवळ बसलेल्याले लय धग, लांबच्याले नाईच्या बरोबर. लय धग लागली ती करंगळी होते, लांब राह्यला तो अंगठा. माह्या कोंबात दुसऱ्या कडेले बी एक बारीक शेकोटी पेटली, म्हणून एक बोट जास्तीचं आलं. ती पेटवणारा हुकूम बीजातच लिहिलेला असते, त्यात कुठंतरी एखादं अक्षर बदललं असन. मोबाइलवर तिले माह्या पिलाचा फोटो दाखवला. त्याच रसायनात भिजवलेला मोहरीपेक्षा बारीक मणी मी पंखाच्या कोंबाच्या पुढच्या कडेले ठेवला होता, अन् पंखातल्या नेहमीच्या तीनाच्या जागी पाच-सहा बोटं आली होती. त्या अंड्यानं काही कोहळं कापलं नोतं.

मायनं फोटो बराच वेळ पाह्यला. मंग तिनं मुद्द्याचं विचारलं, हा कोंब कोणत्या महिन्यात असते?

“दुसऱ्या,” मी म्हटलं. “तू कोहळं कापलं तवा माहे दोन्ही अंगठे, नखासकट, कधीचेच झाले होते. त्याचा सगळा हिशेब मार्चातच लागला.”

“मार्चात?” ती म्हणाली. “मार्चात तं मी रोज मोहफुलं वेचाले जात होती. तू आहेस हेच मले माहीत नोतं.”

ती उठली. माह्या हातातला गिलास घेतला, आत गेली, पुनमले हात देऊन उठवलं अन् स्वतः पाणी पाजलं. मंग खिडकी उघडली. पुनमनं दोन गिलास पाणी पेलं, अन् आता भात बी वाढा म्हणाली. मी दारात छाती फुगवून उभी होती. वाटलं, जिंकली बाप्पा एकदाची.

माय बाहेर आली तर डोळ्यातून धार लागलेली.

“हे तुले कधीपासून माहीत आहे?”

एम.एस्सी.पासून, मी म्हटलं. पाच वर्षं झाली. हैदराबादले परिषदेत यावर बोलली, तवा लोकायनं टाळ्या वाजवल्या. शंभरेक पोरायले फळ्यावर हात काढून शिकवलं. हे बी मी सांगितलं असतं, पण तिच्या तोंडाकडं पाहून थांबली.

“पाच वर्षं,” माय म्हणाली. “सुटी लागली का घरी येत होतीस. माह्या हातचं जेवत होतीस. मले काऊन नाई सांगितलं?”