झाडाच्या पेटीतलं एक मत

सत्तावन्न सालची निवडणूक सारसोळ्यात मतदानाच्या पंधरा दिवस आधीच उरकली होती. गोवर्धन पाटील म्हणजे गावकीचा मुख्य माणूस. त्याने सगळ्या गावाला गावदेवीच्या देवळापुढे बसवलं आणि सांगितलं, "आपुन कोली. होडीवर जगतू. तवा मत होडीच्या निशानीला. बोला, कबूल?" सगळे कबूल! देवीपुढे शब्द दिला, संपलं. आता सांगा, सरकारने पेट्या पाठवायची तसदी तरी कशाला घ्यायची?

मान चांगदेवनेही डोलावली होती. पण या गड्याला एक खोड होती. चौथी शिकलेला, त्यामुळे हातात आलेला कागद वाचल्याशिवाय त्यात सुके बोंबील बांधायचा नाही. होडीवाल्या पक्षाचं पत्रक त्याने वाचलं, झाडवाल्यांचं वाचलं, शिडीवाल्यांचंही वाचलं. तिन्हींत गरिबांचं कल्याण होतं. गरिबांचं कल्याण कुठल्या पक्षात नसतं हो? मग आपला पक्ष ओळखायचा कसा? डोकं खाजवून खाजवून त्याने एकच प्रश्न काढला. खाडीचं तोंड उघडं राहणार की नाही? तोंडाशी बांध घालून आत मिठागर करायचं घाटतंय, अशी कुणकुण वर्षभर होती. तोंड बंद झालं की भरतीबरोबर आत येणारी मासळी बंद. मग सारसोळ्याने काय माती खायची?

पायी तुर्भ्याला गेला, बेलापूरला गेला, तिन्ही पक्षांच्या सभांना जाऊन बसला. शिडीवाल्याला खाडी कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं. होडीवाल्याने खांद्यावर हात ठेवला, "तुमच्या गावाला पक्का धक्का बांधून देतो," म्हणाला, आणि बांधाचं नाव काढताच मोटारीत जाऊन बसला. झाडवाला किरकोळ अंगाचा, मास्तरासारखा माणूस. तो म्हणाला, "निवडून येईन असं काही वाटत नाही. पण आलो तर बांध होऊ देणार नाही." चांगदेव परतीच्या वाटेवर एकटाच हसत आला. त्याचा पक्ष त्याला सापडला होता. घर जवळ आलं आणि हसू मावळलं, कारण दारात पाटील उभा होता.

"भाषनं आईकतंस म्हनं," पाटील म्हणाला. "आईक, आईक. कान तुजं हाईत. मत गावाचं हाय." आणि त्याने पाठीवर थाप मारली. थाप हलकीच होती, तरी चांगदेव उंबऱ्यात अडखळला.

मतदान देवळाच्याच ओसरीत झालं, कारण शाळाही तिथेच भरायची. त्या काळी शिक्का मारायची भानगड नव्हती. पडद्यामागे दर उमेदवाराची निराळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली, आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत सोडायची. चांगदेव झाडाच्या पेटीपुढे उभा राहिला. बाहेर पाटील खाकरला. नुसता खाकरला हो, घसा खवखवत असेल! पण चांगदेवने चिठ्ठी होडीच्या पेटीत टाकली आणि खाली मान घालून बाहेर आला. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून जाळी रिकामी येऊ लागली. एक दिवस झाला, दोन झाले, सलग आठ दिवस चिखल आणि पाला. चांगदेवची होडी धर्माशी निम्म्या भागीत होती, लहानपणापासूनचे जोडीदार दोघे. वल्हं मारता मारता धर्मा म्हणाला, "कोनीतरी शब्द मोडलाय. आई कोपली." तेच बायका विहिरीवर बोलत होत्या, तेच म्हातारे पारावर बोलत होते. आणि बोलता बोलता गप्प होऊन एकमेकांची तोंडं बघत होते.

नवव्या दिवशी पाटील ठाण्याहून मतमोजणी बघून आला. होडीवाला निवडून आला होता, तरी पाटलाच्या तोंडावर आनंद नव्हता. त्याने एक बोट वर केलं. सारसोळ्याच्या पेट्यांत शिडीला काही नाही, होडीला भरभरून, आणि झाडाला एक. एकच.

येत्या रविवारी सकाळी निवाडा करायचं ठरलं. घराघराने पुढे यायचं, आधी नवरा, मग बायको, आणि 'मत होडीलाच दिलं' म्हणत देवीपुढचा नारळ उचलायचा. खोटा उचलणाऱ्याला आई बघून घेईल. न उचलणारा वाळीत. त्याला विस्तव नाही, पाणी नाही, होडीत जागा नाही, मेला तर खांदा नाही. सगळ्यांच्या नजरा चांगदेवकडे वळल्या. तो मात्र निवांत होता. भित्र्याचं दैव बघा कसं असतं! त्याने खरंच होडीला मत दिलं होतं.

रविवारी तो डोक्याला रुमाल बांधत होता, तर चंदा, त्याची बायको, चुलीपुढे तशीच बसलेली. तोंड राखेसारखं.

"तुमी नारल उचलाल?"

"उचलीन की. मी होडीलाच टाकलंय."

"मना उचलता येनार नाय."

चांगदेवचे हात रुमालावरच थांबले.

"रांगेत उबी व्हते, तवाच कावला शिवला," चंदा म्हणाली. "माघारी फिरले असते तं समद्यांनी इचारलं असतं. आत गेले, तं पेटीवर होडी! तसल्या अंगानं होडीला हात कसा लावू? तुमी रोज होडीत बसून खाडीत जाता. मी बाजूच्या पेटीत टाकलं. त्या पेटीवर काय व्हतं ते पन धड बगितलं नाय."

विटाळातली बाई होडीला शिवली तर होडी दगा देते, हे सारसोळ्यात शेंबडं पोरही जाणतं. आता ही होडी कागदावरची, चार बोटांची. पण होडी ती होडी! चांगदेवला आधी हसू आलं आणि मग त्याने पटकन दार लोटून घेतलं. नवऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून बाईने मत दिलं होतं, आणि पडलं कुठे, तर त्याच्याच पक्षाला.

"खोटा उचल," तो हळूच म्हणाला.

"आनि आई तुमालाच बुडवील. मी नाय उचलनार. इचारलं तं खरं सांगीन."

खरं सांगून कसं चालेल? विटाळात देवळाच्या ओसरीत उभी राहिली म्हटल्यावर आठ दिवसांची सगळी उपासमार तिच्या एकटीच्या माथी आली असती. मागे एका बाईवर असंच बालंट आलं होतं. तिचं पुढे काय झालं, ते गावात कुणी बोलत नाही.

देवळापुढे सगळा गाव बसला होता. एकेक घर उठत होतं. धर्माने उचलला, त्याच्या बायकोने उचलला. "चांगदेव," पाटील म्हणाला.

चांगदेव पुढे झाला. खरा नारळ उचलायला त्याला कुणाचं भय नव्हतं. उचलायचा आणि बाजूला व्हायचं. पण मागे चंदाच्या बांगड्या वाजल्या, ती उठून उभी राहत होती. त्याने पुढे केलेले हात मागे घेतले.

"झाडातलं मत माजं हाय."

पाटलाने एवढंच विचारलं, "का?"

"होडीवाला खाडीचं तोंड बांधनार हाय. मी त्याला तोंडावर इचारलं, तं तो मोटारीत बसला. झाडवाला नाय बांधनार म्हनाला. मना खाडी उगडी पायजे. म्हनून झाड." इतके दिवस मनात घोळवलेलं बोलणं एका दमात बाहेर आलं. सुरुवात तेवढी खोटी होती, पुढचा शब्द न् शब्द खरा. त्याला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

"अवो, पन..." चंदा पुढे आली.

"गप ऱ्हा!" तो असा ओरडला की ती जागीच थिजली.

"खाडी बांधनार?" म्हाताऱ्या धोंडूबाईने मध्येच विचारलं. "खरंच काय रं?" पाटलाने नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी म्हातारीने पदर तोंडावर घेतला. मग पाटलाने नारळ उचलून बाजूला ठेवला. मत एकच होतं आणि त्याचा धनी सापडला होता, आता बाकीच्यांना विचारायचं काही राहिलं नव्हतं.

लोक उठले. चांगदेवच्या भोवतीची जागा बघता बघता मोकळी झाली. धर्मा तेवढा जवळून गेला आणि वर न बघता म्हणाला, "सांजच्या भरतीआदी तुजं जालं होडीतनं काडून ने."

होडी निम्मी चांगदेवची होती. तो बरं म्हणाला.