फकिराचा चेहरा

आदिलाबादच्या ठाण्यातल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "बोलता नहीं, सुनता नहीं, नाम लिख नहीं सकता. पहले फोटो लाओ. हम ढूंढेंगे किसको?"

उद्धवजवळ फोटो नव्हता. फकिरा त्याचा थोरला भाऊ, जन्मापासून मुका-बहिरा. दोघे भीमपूरकडच्या गावातून कापूस घेऊन आदिलाबादच्या यार्डात आले होते. उद्धव वजनकाट्यावर गेला आणि परत येऊन बघतो तर फकिरा गाडीपाशी नाही. हाका मारून उपयोग नव्हता, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी तो घसा बसेपर्यंत यार्डभर ओरडत फिरला.

ही १९९९च्या हिवाळ्यातली गोष्ट. मतदार कार्डाचे फोटो काढायला लोक गावात आले तेव्हा फकिरा रानात होता. त्याआधी आणि त्यानंतर त्याचा फोटो काढायचं कोणाला सुचलंच नाही.

"तुह्या लग्नाची कॅशेट हाये ना," उद्धव गावी परतल्यावर त्याची आई रेणुकाबाई म्हणाल्या. त्यांनी पेटीच्या तळातून फडक्यात बांधलेली कॅसेट काढली. "त्याच्यात तो नाचला होता."

"मी घेऊन जातो. तू राह्य घरी."

"मीबी येतो," रेणुकाबाई म्हणाल्या. " कोणता चेहरा द्याचा थे मी सांगन."

माणिकरावांचं दुकान आदिलाबादच्या बसस्टँडच्या मागं होतं. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून ते सीडी करून देत. उद्धवची गोष्ट ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "टीव्हीवर थांबवून फोटो काढला तर चित्रात आडवे पट्टे येतात. कॉम्प्युटरवर घेऊ. तिथं एकेक चित्र सुटं करता येतं."

कॅसेट लावली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. आतून चीं चीं आवाज यायला लागला तसं त्यांनी घाईनं ती बाहेर काढली आणि झाकण उचलून उजेडात धरली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती.

त्यांनी स्क्रू काढून कॅसेट उघडली. स्पिरिटच्या कापडातून हलक्या हातानं टेप ओढत, दुसऱ्या चाकावर गुंडाळत राहिले. दुपार त्यातच गेली. रेणुकाबाई स्टुलावर बसून होत्या. चहा आणला तो तसाच निवला.

पुन्हा लावली. टीव्हीवर मांडव दिसला, थरथरत का होईना. उद्धवच्या तोंडून "दिसलं!" निघून गेलं. पण कॉम्प्युटरवर चित्र क्षणभर आलं आणि निळं झालं. पुन्हा आलं, पुन्हा निळं.

"टीव्ही थोडंफार सांभाळून घेतो," माणिकराव म्हणाले. "कॉम्प्युटरमधलं हे कार्ड तसं सांभाळून घेत नाही. सिग्नल जरा पडला की सोडून देतं."

आवाज मात्र येत होता. निळ्या पडद्यामागं बँड वाजत होता, ताशा कडाडत होता, पोरं ओरडत होती. रेणुकाबाई पुढं वाकल्या.

"आता नाचून राह्यला असन तो," त्या म्हणाल्या. "ढोल वाजला का त्याच्या छातीत समजते त्याले."

उद्धव उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

माणिकरावांनी ट्रॅकिंगचं बटण फिरवलं, दुसरा व्हीसीआर जोडला, वायरी बदलल्या. मग व्हीसीआरचं झाकणच काढलं. टेप ज्या खुंट्यांवरून वळते, त्यांतली एक स्क्रू ड्रायव्हरनं किंचित फिरवली. "हे बिघडलं तर माझ्या बाकीच्या कॅसेट चालायच्या नाहीत," ते स्वतःशीच बोलले, आणि अजून थोडी फिरवली.

चित्र स्थिरावलं. वरात दिसली, बँडवाले दिसले, आणि गर्दीतून हात वर करून नाचणारा एक उंच माणूस पुढं आला. तेवढ्यात यंत्रात खर्रकन आवाज झाला. टेप अडकली होती.

"काऊन थांबवलं?" उद्धव ओरडला. "माह्या भाऊ होता तो! तुमी तोडली कॅशेट!"

माणिकराव यंत्रावर वाकले. चिमट्यानं टेप सोडवत होते. बाहेर आली ती चुरगळून, मध्ये फाटून. नाचाचा तुकडा कापून टाकावा लागला. हातात धरून त्यांनी तो उजेडात पाहिला, पण टेपवरचं चित्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नसतं.

उद्धव खाली बसला. आता काही उरलं नव्हतं. भाऊ कुठं तरी उपाशी असेल, कोणी चोर समजून मारत असेल, त्याला नावही सांगता यायचं नाही.

"पंगत राह्यली ना," रेणुकाबाई म्हणाल्या. "पंगतीत तो बुंदी वाढून राह्यला होता. लावा तुमी."

जोडलेली टेप माणिकरावांनी पुन्हा लावली. पंगत आली. फकिरा परात घेऊन वाकलेला, मग पाठमोरा, मग कॅमेऱ्याच्या दिव्याकडं वळलेला. डोळ्यांवर उजेड आला म्हणून त्यानं हात आडवा धरला. माणिकराव एकेक चित्र पुढं सरकवत गेले. हात खाली आला. एका चित्रात तोंड अर्धं उघडं, डोळे बारीक, पण चेहरा पुरता.

"हा नाई," रेणुकाबाई म्हणाल्या. "असा बावळट नाई दिसत माह्या फकिरा."

"माय, हाच एक हाये."

रेणुकाबाई स्टूल सोडून पडद्याजवळ आल्या. "द्या मंग."

छापलेले कागद उद्धवनं ठाण्यात दिले, आदिलाबाद आणि किनवटच्या स्टेशनवर लावले, ट्रकवाल्यांना वाटले. बरेच दिवस कुठूनही खबर आली नाही. शेवटी एका ड्रायव्हरनं भैंसा गावाहून निरोप धाडला: असा एक माणूस कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात गाठोडी उचलतो, रोटी दिली की खातो. यार्डातून निघालेल्या ट्रकवर कापसात झोपला असावा, असं तिथले हमाल म्हणत होते.

उद्धव पोचला तेव्हा फकिरा कापसाच्या ढिगाआड बसला होता. दाढी वाढलेली, पायाला चिंधी गुंडाळलेली. भावाला पाहून तो उठला आणि आधी त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटला. उद्धवनं मारू दिलं. फकिराचे हात थकले तेव्हा त्याच्या घशातून एक मोठा, वेडावाकडा आवाज निघाला आणि हमालांनी कामं थांबवून मान वळवली.

घरी रेणुकाबाईंनी चिंधी सोडली. जखम चिघळली होती. त्यांनी ऊन पाणी आणलं आणि तो हलू नये म्हणून उद्धवला त्याचा गुडघा धरून बसायला लावलं.