निवांतबाबांची कुरकुरणारी उशी

शिवणकारखान्याच्या अंगणात सत्तर शिंपी रांगेत उभे राहून एकमेकांना सुईत दोरा ओवून दाखवत होते. पन्नाशी उलटलेली माणसं, आणि चष्म्याशिवाय! दोरा ओवला गेला की "जय निवांतबाबा!" असा गजर व्हायचा.

बाबा भल्यामोठ्या उशीवर बसले होते. "पाठ दुखते? मग दुखणं माझ्या उशीत सोडा! ती उगाच नाही कुरकुरत, तुमची दुखणीच आत रडताहेत! हे घ्या एक चमचा शांतिजल. आणि चष्मा? अविश्वासाची काच आहे ती! फेका!"

समोरच्या चष्म्याच्या दुकानातली ताई कपाळाला हात लावून हे पाहत होती. दुकानात माशा मारायची वेळ आली होती, ते एक वेळ चाललं असतं. पण रांगेत सगळ्यांत पुढे तिचे वडील होते. अण्णा, कारखान्याचे कटिंग मास्तर. महिनाभरात त्यांची पाठ दुखायची थांबली होती, आणि भूकही. पोट साफ होत नव्हतं, जेवताना ताटावरच डुलक्या येत होत्या. चमचा चुकला की नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, जांभयांवर जांभया. "दुखणं परत शिरू बघतंय, दोन घ्या!" असं बाबा सांगत. आज तर तीन चमचे ठरले होते.

ताईनं अण्णांना हाताला धरून डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी व्हायला हवी. अण्णांची खसखशीच्या दाण्याएवढी होती. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं स्पष्ट दिसतं. नजर सुधारली नव्हती, बाहुल्या आवळल्या होत्या. तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अफूच्या जातीचं औषध असणार," बाई म्हणाल्या. "तीन चमचे घेऊ देऊ नकोस. झोपेत श्वास थांबेल. मी निघालेच."

ताई वळली, तर अण्णा परत रांगेत!

"अण्णा, थांबा! त्यात विष आहे!"

"धंदा बसला म्हणून जळतेय!" रांग ओरडली. बाबा संतापून उठले आणि टर्रकन उशी फाटली.

अण्णांचा चमचा ओठापाशी थांबला. "शिवण उसवली," ते पुटपुटले. चमचा खाली ठेवून त्यांनी उशी ओढून घेतली.

"हात लावू नकोस! पवित्र आहे!"

"टाके घालायचे तर खोळ आधी उलटी करावी लागते, बाबा. कच्चं काम माझ्या हातून होत नाही."

त्यांनी खोळ उलटी केली. आतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सळसळत बाहेर पडल्या, शेकडो, आणि शेवटी ठणकन एक खलबत्ता.

"आणि आपली दुखणी कुठायत?" एकानं अगदी मनापासून विचारलं.

बाबा पळाले. सत्तर शिंपी इतके निवांत होते की पाठलाग कुणाच्यानं होईना. ज्याची पाठ कधी दुखलीच नव्हती, त्या वॉचमननं त्यांना पकडलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी वाचली. "मोठ्या ऑपरेशननंतर मोजून देतात ती गोळी. हा कुटून पाण्यात घालत होता. आता मनानं एकदम सोडू नका, हाल होतील; माझ्याकडे या, हळूहळू कमी करू. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घरच्यांनो, माणूस हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर सकाळची वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा."

दुखणं खरं असतं, म्हणून तर त्यावर असली दुकानं चालतात. चमच्यात काय आहे, किती आहे आणि देणारा कोण आहे, एवढं विचारलं तर कुठलाही देव रागावणार नाही.

दोन महिन्यांनी अण्णा ताईच्या दुकानात नवा चष्मा लावून सुई घेऊन बसले. तीनदा दोरा चुकला. चौथ्यांदा गेला.

"पाठ दुखतेय का, अण्णा?"

"दुखतेय गं, थोडी. पण आधी सांग, डब्यात काय आणलंयस? भूक लागलीय."

डबा उघडताना ताईला रडू आवरेना.