माझा विषय मूळ संख्या

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. माझं नाव निलम वरठा. गाव झरी, तलासरी तालुका. डहाणूच्या एका कॉलेजात मी गणित शिकवते, तेही तासिकेवर. आज आहे, उद्याचं माहीत नाही.

माझा विषय मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा. ज्यांना एक आणि स्वतः सोडून दुसऱ्या कशानं भाग जात नाही त्या. पुढं पुढं जावं तशा त्या विरळ होत जातात, आणि विरळ होता होता मध्येच कुठेतरी दोघी जवळजवळ येऊन बसतात. अशा जोड्या कधी संपतात की संपतच नाहीत, हे अजून जगात कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. मी यात पीएच.डी. केली. झोपेतही मला त्याच दिसतात.

पण आमच्याकडे नवा माणूस आला की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारतो, "मॅडम, तुम्ही वारली ना? मग चित्रं काढत असाल!" नाही हो काढत. मला धड कोंबडी काढता येत नाही. "मग जडीबुटीचं तरी माहीत असेल?" डोकं दुखलं तर मी मेडिकलमधून गोळी आणते, बस!

यंदा कॉलेजात एम.एस्सी. गणित सुरू झालं. त्यात संख्यासिद्धांताचा पेपर आहे, मूळ संख्यांचा. तो पेपर शिकवायला मिळावा म्हणून मी किती वर्षं डोळे लावून बसले होते ते माझं मला ठाऊक. माझ्या हातची बी.एस्सी. झालेली कैनाडची सुषमा तर मुद्दाम त्यासाठीच थांबली होती. जूनमध्ये प्राचार्य चुरी सरांनी बोलावलं. मी आनंदानं गेले.

"पेपर वापीच्या एका निवृत्त सरांना दिलाय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी त्याहून मोठं काम आहे. आपण आदिवासी अभ्यास केंद्र काढतोय. तुम्ही समन्वयक."

"सर, माझा विषय गणित आहे."

"अहो, हा विषय तर तुमच्या रक्तात आहे!"

"रक्तात माझ्या हिमोग्लोबिन आहे सर, आणि तेही कमी."

सर हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. मला असा संताप आला म्हणून सांगू! चुरी सरांची बोर्डीला पिढीजात चिकूची वाडी. त्यांनी डॉक्टरेट केली इंग्रजी नाटकावर. भौतिकशास्त्राच्या जतीन सावे सरांच्या घरी भातशेती, आणि ते ताऱ्यांवर शोधनिबंध लिहितात. त्यांना कुणी म्हणालं का, तुमच्या रक्तात भात आहे, भातावर लिहा? त्यांना अख्खं आकाश मोकळं आणि मी आपली माझ्या पाड्यावरच बसायचं!

मी हे सगळं सरांच्या तोंडावर बोलले. तेव्हा ते जरा वरमले. "उद्घाटन तेवढं होऊ द्या, मग पेपरचं बघू." तिकडे वापीचे सर महिना झाला तरी दोनदाच उगवले. पोरं वर्गात जाऊन रिकाम्या फळ्याकडे बघून परत यायची.

उद्घाटन आदिवासी दिनाच्या आदल्या दिवशी होतं. पाहुण्या म्हणून मुंबईच्या विद्यापीठातून डॉ. निशिगंधा बाई आल्या. वारल्यांचे लग्नविधी हा त्यांचा संशोधनाचा विषय, त्यावर त्या परदेशातसुद्धा बोलून आल्यात. खुर्च्या भराव्यात म्हणून एम.एस्सी.ची पोरं पुढच्या रांगेत आणून बसवली होती. स्टेजवर गेरू फासलेला मोठा प्लायवूड उभा केला होता, खाली वाटीत तांदळाचं पीठ कालवून ठेवलेलं. मला वाटलं, कुणी चित्रकार बोलावला असेल.

चुरी सरांनी माईक घेतला. "आता आपल्यासमोर प्रत्यक्ष लग्नचौक लिहिला जाईल!"

आणि माझी आई स्टेजवर आली.

माझी आई, बुधी. सकाळी कॉलेजची जीप झरीला जाऊन तिला घेऊन आली होती आणि मला कुणी एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. ती प्लायवूडसमोर बसली. बांबूची काडी पिठात बुडवली. हात असा थरथरत होता की पीठ गेरूवर सांडलं.

ऐका आता. चौक म्हणजे काही शोभेची रांगोळी नाही. लग्नघरातच, आतल्या भिंतीवर तो लिहितात. त्यात पालघट देवी येऊन बसते. लिहायचा तो सवाशिणींनी, ज्यांचा नवरा हयात आहे त्यांनी. माझा बाप जाऊन तीन पावसाळे झाले. माझ्या चुलतभावाच्या लग्नात आई ओटीवर भाजी चिरत बसली होती, चौकाच्या भिंतीकडे तिनं मान वळवून पाहिलं नाही. मला पटते का ही रीत? मुळीच नाही. त्यावरून मी आईशी कडाकडा भांडलेय. पण मोडायची तर ती आईनं मोडावी, तिच्या मनाला येईल तेव्हा. चुरी सरांच्या उद्घाटनाला टाळ्या मिळाव्यात म्हणून नाही!

मी धावत वर गेले. "आई, काय करतेस तू?"

ती हळूच म्हणाली, "सर बोलले, चौक लिही, मग पोरीला तिचा वर्ग देतो. तुझी नोकरी पक्की होईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काडी तिच्या हातातून काढून घेतली. तेवढ्यात निशिगंधा बाई पुढे आल्या. आवाज अगदी मऊ, साखर घातल्यासारखा.

"अहो, त्यांना थांबवू नका ना. विधवा बाईनं चौक लिहिणं हे फार दुर्मीळ आहे. कॅमेरा चालू ठेवा रे."

म्हणजे बाईंना माहीत होतं! चुरी सर अडाणी, एक वेळ सोडून देऊ. पण या बाईंना सगळं माहीत होतं. माझ्या आईचा हात का थरथरतोय ते त्या सभागृहात दोघींनाच कळत होतं, मला आणि त्यांना. आणि त्यांना त्यात शोधनिबंध दिसत होता.

"बाई," मी माईकवरच म्हणाले, "तुमचा विषय तुम्हाला लखलाभ. पण माझी आई कुणाचा विषय नाही. आणि सर, वर्ग द्यायचा तर मला येतं म्हणून द्या. आईला कसले विकत घेता? लाज वाटत नाही?"

सर लालबुंद. "मॅडम, आता त्या पेपरचं नावसुद्धा काढू नका!"

"काढत नाही. शिकवते."

आईचा हात धरून मी खाली उतरले आणि थेट एम.एस्सी.च्या वर्गात गेले. मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. आधी सुषमा आली, मग एकेक करत सगळी आली. आई शेवटच्या बाकावर अंग चोरून बसली. मी खडू घेतला. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, त्या अनंत असतात, ही सिद्धता मी सुरू केली. समजा त्या संपतात. समजा सगळ्यात मोठी एक आहे. मग बघू काय होतं ते.

निम्म्यावर आले असेन, तर दारात शिपाई काकड्यामामा उभे. बिचारे घाबरलेले.

"मॅडम, सर बोलवतात. बोलले, आत्ताच्या आत्ता आल्या नाहीत तर उद्यापासून यायचं नाही."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडू खाली ठेवला. शेवटी किती केलं तरी पोटाचा प्रश्न आहे.

तेव्हा मागून आई उभी राहिली. ज्या नोकरीसाठी मघाशी ती चौक लिहायला बसली होती, त्याच नोकरीवर पाणी सोडत खणखणीत म्हणाली, "तिचा तास चालू हाय, दिसत नाही का तुला? सरांना म्हणावं, सुटल्यावर या."